साडेनऊशे वर्षांची डागडुजी

लंडनच्या वॉटर्लू स्टेशनातून निघालेली गाडी तासाभरात विंचेस्टरला पोचते. इचन नदीकाठचं हे शहर दिवसभरात पायी फिरून होतं. एकेकाळी मात्र ते वेसेक्सच्या राजांचं मुख्य ठाणं होतं, आणि आल्फ्रेड राजाचा उंच पुतळा आजही हमरस्त्याच्या टोकाला उभा आहे. माझी भाची साउदॅम्प्टनला नोकरी करते. तिथून विंचेस्टर फारच जवळ. तिच्याकडे राहायला गेले तेव्हा तिनं विचारलं, “मावशी, सगळ्यात आधी काय बघायचं?” मी विंचेस्टरच्या कॅथीड्रलचं नाव घेतलं. कॉलेजात पायाचं शास्त्र शिकवताना आमच्या सरांनी एका पाणबुड्याची गोष्ट सांगितली होती. तो पाणबुड्या या कॅथीड्रलच्या पोटाखाली उतरला होता. ती गोष्ट तेव्हापासून मनात घर करून होती.

कॅथीड्रल म्हणजे ज्या चर्चमध्ये त्या प्रांताच्या बिशपचं आसन असतं ते चर्च. विंचेस्टरचं कॅथीड्रल १७० मीटर लांब आहे. मध्ययुगात बांधलेली इतकी लांब कॅथीड्रलं जगात दुसरीकडे क्वचितच सापडतील. मनोरा मात्र जेमतेम ४६ मीटरचा. त्यामुळे हिरवळीवर उभं राहून पाहिलं तर ही इमारत उंच वाटत नाही. ती जमिनीवर ऐसपैस पसरलेली वाटते.

माझी सगळी नोकरी सरकारी इमारतींच्या देखभाल-दुरुस्तीत गेली. भिंतीवरची भेग जुनी की नवी, ती थांबली आहे की रुंदावते आहे, ओल छतातून उतरते की जमिनीतून चढते, हेच माझे रोजचे प्रश्न. भेगेवर काचेची पट्टी चिकटवायची आणि काही आठवड्यांनी ती तडकली का ते पाहायचं, या साध्या उपायावर मी कितीतरी निर्णय घेतले आहेत. त्या नजरेनं विंचेस्टर पाहताना एक गोष्ट मला ठळकपणे जाणवली, आणि तीच इथं सांगायची आहे. ही इमारत एकदा बांधून झाली आणि टिकली, असं घडलेलं नाही. ती पुन्हा पुन्हा ढासळली, खचली, फोडली गेली, आणि दर वेळी कोणीतरी आधीच्यांचं काम न पुसता ती सावरली.

सुरुवात उत्तरेच्या बाहूपासून करावी. क्रॉसच्या आकाराच्या या इमारतीचे दोन आडवे बाहू आहेत. त्यांतल्या उत्तरेकडच्या बाहूत १०७९ साली सुरू झालेलं नॉर्मन काम पाहायला मिळतं. इंग्लंड जिंकणाऱ्या विल्यमनं नेमलेला बिशप वॉकेलिन यानं ते सुरू केलं. दगड वाइट बेटावरच्या खाणींतून बोटीनं आला. लाकडाबद्दल एक जुनी कथा आहे. राजानं सांगितलं, तीन दिवसांत तोडता येईल तेवढं लाकूड माझ्या रानातून ने. वॉकेलिननं मिळतील तेवढे लाकूडतोडे गोळा केले आणि तीन दिवसांत अख्खं रान उतरवलं. १०९३ साली मठातले साधू नव्या वास्तूत राहायला आले. शेजारचं त्यांचं जुनं चर्च, ओल्ड मिन्स्टर, पाडण्यात आलं. विसाव्या शतकात उत्खनन झालं तेव्हा त्याचा पाया सापडला, आणि आता त्याचा आराखडा बाहेरच्या हिरवळीवर विटांनी आखून ठेवला आहे.

उत्तरेच्या बाहूतल्या कमानी अर्धगोल आहेत, भिंती जाड, खिडक्या लहान. दगडाच्या ताकदीवर पूर्ण विश्वास बसलेला नाही, म्हणून जरा जास्तच माल घातला आहे, असं हे काम दिसतं. तरीही ११०७ साली मधला मनोरा कोसळला. त्याच्या खाली काही वर्षांपूर्वी विल्यम रूफस नावाच्या राजाला पुरलं होतं. राजा पापी म्हणून प्रसिद्ध होता, त्यामुळे मनोरा त्याच्या पापानं पडला असं लोक म्हणू लागले. गवंड्यांनी त्या चर्चेत वेळ घालवला नाही. त्यांनी मनोऱ्याखालचे खांब पूर्वीपेक्षा खूपच जाड करून तो पुन्हा उभा केला. आज मधल्या चौकात उभं राहिलं की हे खांब वाट अडवल्यासारखे वाटतात. भीती बसल्यावर माणूस किती साहित्य वापरतो, ते तिथं मोजता येतं. नऊशे वर्षं तो मनोरा हललेला नाही.

तिथून पश्चिमेकडच्या लांबलचक मध्यदालनात यावं. इथं सगळंच बदलतं. टोकदार कमानी, जमिनीपासून छतापर्यंत एका रेषेत चढत गेलेले सडपातळ खांब, माथ्यावर दगडी फासळ्यांचं जाळं. हे दालन दुसऱ्याच इमारतीचं वाटावं, पण आतला गाभा तोच आहे. चौदाव्या शतकाच्या शेवटी बिशप विल्यम ऑफ वाइकम यानं विल्यम विनफर्ड या मुख्य गवंड्याकडे हे काम सोपवलं. नॉर्मन दालन पाडून नवं बांधणं सरळ होतं. विनफर्डनं जुने खांब जागच्या जागी ठेवले. काही ठिकाणी पाथरवटांनी उभ्या खांबाचाच दगड कोरून त्याला नवा आकार दिला, काही ठिकाणी जुन्या गाभ्यावर नवा दगड चढवला. वरचा भार चालू असताना खालचा खांब छिन्नीनं तासायचा, हे काम काय असतं ते ज्यानं एकदा तरी टेकू लावून भिंत कापली आहे त्याला विचारावं. एक घाव जास्त बसला तर पुढची वेळ मिळत नाही. त्या पाथरवटांपैकी बहुतेकांची नावं कुठंही नाहीत. वाइकमची समाधी मात्र याच दालनात आहे, आणि त्याच्या दगडी मूर्तीच्या पायाशी तीन छोटे साधू हात जोडून बसले आहेत.

मग पूर्वेच्या टोकाला जावं. मुख्य वेदीच्या मागचा हा भाग बिशप गॉडफ्री द ल्यूसी यानं १२०० च्या सुमाराला वाढवायला घेतला. इथल्या फरशांवर तेराव्या शतकातली नक्षी अजून आहे. नक्षीपेक्षा मला तिथली जमीन आणि भिंती जास्त बोलक्या वाटल्या. फरशी उंचसखल झाली आहे. भिंती आणि खांब बाहेरच्या अंगाला कलले आहेत. त्यासाठी ओळंबा धरायची गरज नाही, साध्या डोळ्यांना दिसतं. मी तिथं बराच वेळ थांबले. भाची म्हणाली, “मावशी, सगळे वर बघतायत आणि तू भिंतीच्या बुडाशी काय शोधतेस?” मी शोधत होते ते खाली होतं.

कॅथीड्रल नदीच्या खोऱ्यात, पाणथळ जमिनीवर उभं आहे. द ल्यूसीच्या गवंड्यांनी खणलं तेव्हा थोड्याच खोलीवर पाणी लागलं. त्यांनी त्या चिखलात बीचच्या झाडाचे ओंडके आडवे अंथरले आणि त्यांच्यावर दगडी पाया रचला. त्या काळाच्या ज्ञानानुसार हा उपाय चुकीचा नव्हता. पण ओंडक्यांच्या खाली पीट होतं. पीट म्हणजे हजारो वर्षं पाण्यात कुजत साचलेल्या वनस्पतींचा काळपट थर. ओल्या स्पंजावर वीट ठेवावी तसा हा थर भाराखाली दबत जातो, आणि सगळीकडे सारखा दबत नाही. आमच्याकडे काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि भिंतींना तडे पाडते. पीट एकाच दिशेला जातं, खाली. सातशे वर्षं ते हळूहळू दबत राहिलं.

या पाण्याची खरी ओळख तळघरात होते. वेदीखालचं हे तळघर नॉर्मन काळातलं, कॅथीड्रलचा सर्वांत जुना भाग. हिवाळ्यात आणि पावसाच्या दिवसांत जमिनीतलं पाणी चढतं आणि तळघर भरतं. तेव्हा दारापाशी बांधलेल्या छोट्या चौथऱ्यावरूनच आत पाहता येतं. समोर पाण्यात एक पूर्णाकृती पुतळा उभा असतो. अँटनी गॉर्मली या शिल्पकारानं १९८६ साली घडवलेलं ‘साउंड टू’ नावाचं हे शिल्प. पुतळ्याची मान खाली आहे आणि तो ओंजळीकडे बघतो आहे. मी गेले तेव्हा पाणी त्याच्या घोट्यांच्या वर आलं होतं. तिथल्या स्वयंसेवक आजोबांनी सांगितलं, की हे पाणी इथलंच आहे, त्याला बाहेर काढायचं नसतं. हे वाक्य ऐकून मला आनंद झाला. पाण्याशी भांडण घेऊ नये हे शिकायला इंजिनिअरला बरीच वर्षं लागतात.

१९०५ च्या सुमाराला परिस्थिती हाताबाहेर जाऊ लागली. भिंतींत मोठे तडे पडले, छतातून दगडाचे तुकडे पडू लागले. टॉमस जॅक्सन या वास्तुरचनाकारानं पाहणी केली आणि फ्रान्सिस फॉक्स या इंजिनिअरला बोलावलं. त्यांनी भिंतीलगत खड्डा खणून पाहिला. ओंडके लागले, त्यांच्याखाली पीट, आणि पीटच्या खाली घट्ट वाळू-गोट्यांचा थर. पाया त्या थरापर्यंत पोचवला तर इमारत वाचणार होती. अडचण एकच होती. पीट फोडलं की पाणी उसळून वर येई. पंप लावून ते उपसलं तर पाण्याबरोबर बारीक मातीही वाहून जाई, आणि भिंतीखालची जमीन आणखी पोकळ होई. उपसा जितका जोरात, तितका धोका मोठा.

फॉक्सनं पंप थांबवला आणि पाणबुड्या मागवला.

विल्यम वॉकर हा त्या काळातला अनुभवी पाणबुड्या होता. १९०६ ते १९११ अशी सहा वर्षं तो इथं राबला. काम असं चाले. आधी भिंतींना लाकडी टेकू दिले. जुन्या दगडकामातल्या पोकळ्यांत सिमेंटचा पातळ गारा दाबून भरला. मग भिंतीखाली अरुंद खड्डे घेतले, तेही एका वेळी थोडेच, म्हणजे बाकीची भिंत शेजारच्या जमिनीवर तोलून राहील. असे २३५ खड्डे झाले. काही सहा मीटरपर्यंत खोल. खड्डा पाण्यानं भरू द्यायचा. वॉकर जड पोशाख आणि धातूचं शिरस्त्राण घालून त्यात उतरे. गढूळ पाण्यात प्रकाशाचा उपयोगच नव्हता, त्यामुळे तो नुसत्या हातांच्या स्पर्शावर काम करी. उरलेलं पीट काढायचं, खालचा गोट्यांचा थर सपाट करायचा, वरून सोडलेल्या काँक्रीटच्या पिशव्या ओळीनं बसवायच्या आणि त्या चिरायच्या, म्हणजे आतलं काँक्रीट एकमेकांत मिसळून घट्ट होईल. असे थरावर थर बसले की खालून येणारं पाणी बंद होई. त्यानंतर खड्डा उपसला तरी माती वाहत नसे. मग गवंडी उतरत आणि काँक्रीटचे ठोकळे व विटा रचत जुन्या पायाच्या बुडाला नेऊन भिडवत.

या कामाला सुमारे दीडशे माणसं होती. २५,८०० पिशव्या काँक्रीट, १,१४,९०० ठोकळे आणि ९ लाख विटा लागल्याची नोंद आहे. पोशाखासकट सगळा सरंजाम ९० किलोच्या आसपास भरे. तो उतरवायला आणि चढवायला इतका वेळ लागे, की जेवणाच्या सुट्टीत वॉकर फक्त शिरस्त्राण काढून बसे आणि पाइप ओढी. पाणी शेकडो वर्षांच्या दफनभूमीतून झिरपत आलेलं होतं हे लक्षात घेतलं, तर रोज त्यात उतरण्याला किती धीर लागला असेल ते कळतं. एकीकडे जॅक्सननं दक्षिणेच्या भिंतीला बाहेरून दगडी कमानी टेकू दिले. ते आजही तिथं आहेत. बघणाऱ्याला ते मध्ययुगातलेच वाटतात, पण त्यांचं वय शंभराच्या थोडंसं पुढे आहे.

१५ जुलै १९१२ रोजी काम पार पडल्याबद्दल कॅथीड्रलमध्ये आभाराची प्रार्थना झाली. हा दिवस संत स्विदनचा. नवव्या शतकातल्या या बिशपनं आपल्याला बाहेर, जिथं अंगावर पाऊस पडेल अशा जागी पुरावं असं सांगितलं होतं म्हणतात. ९७१ साली त्याच्या अस्थी आत हलवल्या गेल्या, आणि त्या दिवशी पाऊस पडला तर पुढे चाळीस दिवस पडतो असा समज इंग्लंडभर रूढ झाला. पाण्यानं खचलेल्या इमारतीच्या दुरुस्तीसाठी याहून योग्य तिथी मिळाली नसती. प्रार्थनेला राजा पंचम जॉर्ज आणि राणी मेरी हजर होती. हेच दोघं आधीच्या डिसेंबरात मुंबईला अपोलो बंदरावर उतरले होते, आणि त्याची आठवण म्हणून आपल्याकडे गेटवे ऑफ इंडिया उभं राहिलं. राजाच्या येण्यानिमित्त नवी कमान बांधणं जगभर चालतं. पायाखालच्या दुरुस्तीसाठी राजा स्वतः येतो आणि पाणबुड्याच्या हाती चांदीचं पात्र देतो, ही गोष्ट मला फार मोठी वाटते. नव्या इमारतीला कोनशिला असते, फीत असते, भाषणं असतात. माझ्या खात्यात मी वाचवलेल्या छतांना यातलं काहीच मिळालं नाही, आणि माझ्या कनिष्ठांनाही मिळालेलं नाही. म्हणून त्या दिवसाबद्दल वाचताना माझा ऊर भरून येतो.

एकदा ही नजर बसली की कॅथीड्रलभर सांधे दिसू लागतात. पश्चिमेच्या मोठ्या खिडकीकडे पाहा. १६४२ साली यादवी युद्धात संसदेच्या सैनिकांनी तिची रंगीत काच फोडली. राजेशाही परतल्यावर ते तुकडे पुन्हा खिडकीत बसवले गेले, पण मूळ चित्रं जुळवणं शक्यच नव्हतं. आता तिथं कुठं एखादा चेहरा, कुठं अक्षर, कुठं वस्त्राचा काठ आणि मध्ये नुसते रंग आहेत. कोणत्याही संताची कथा त्यात वाचता येत नाही. काच फुटली होती आणि लोकांनी ती टाकून दिली नाही, एवढं स्पष्ट वाचता येतं.

त्याच सैनिकांनी जुन्या राजांच्या अस्थींच्या पेट्याही उलथवल्या. लोकांनी हाडं गोळा करून पुन्हा पेट्यांत भरली. कोणाचं हाड कोणाच्या पेटीत गेलं ते कळायला मार्ग नव्हता. वेदीच्या बाजूंच्या पडद्यासारख्या भिंतींवर या रंगवलेल्या पेट्या ठेवल्या जात. अलीकडे ब्रिस्टल विद्यापीठाच्या संशोधकांनी १,३०० हून अधिक हाडांचा अभ्यास केला. त्यांत किमान २३ माणसांच्या अस्थी निघाल्या. एका प्रौढ स्त्रीच्या अस्थी राणी एमाच्या असाव्यात असा त्यांचा अंदाज आहे. दोन राजांशी लग्न केलेली आणि दोन राजांची आई असलेली ही बाई. तिच्यासोबत दोन किशोरवयीन मुलांच्या अस्थीही मिळाल्या, ज्यांची नावं कोणालाच माहीत नाहीत.

उत्तरेच्या बाजूच्या वाटेत जेन ऑस्टिनची कबर आहे. ती आजारी होती, उपचारासाठी विंचेस्टरला आली आणि १८ जुलै १८१७ ला इथल्याच एका घरात वारली, वय ४१. कबरीवरच्या शिळेवर तिच्या स्वभावाबद्दल, श्रद्धेबद्दल, बुद्धीबद्दल लिहिलं आहे. कादंबऱ्यांचा उल्लेखही नाही. तिच्या हयातीत पुस्तकांवर तिचं नाव छापलं जात नसे. १८७२ साली जवळच्या भिंतीवर पितळी पाटी बसली, आणि तीत ती लेखिका होती हे लिहिलं गेलं. १९०० साली तिच्या स्मरणार्थ खिडकीही झाली. दगड बदलला नाही, शेजारी भर घातली. दुरुस्तीची ही पद्धत मला फार आवडली. आधीच्यांना काय दिसलं नव्हतं तेही तिथं राहतं, आणि नंतरच्यांना काय दिसलं तेही.

वॉकरच्या स्मारकाचंही तसंच झालं. तो १९१८ साली इन्फ्लुएन्झाच्या साथीत वारला. १९६४ साली कॅथीड्रलमध्ये त्याचा छोटा पुतळा बसवला, पण फोटोंच्या घोटाळ्यात पाणबुड्याच्या पोशाखावर फ्रान्सिस फॉक्सचा चेहरा लागला. ही चूक पुढे दुरुस्त झाली. २००१ साली वॉकरच्या खऱ्या चेहऱ्याचा नवा पुतळा बसला. आकारानं तो लहानच आहे. मी त्याच्यापाशी उभी राहून भाचीला खड्ड्यांची सगळी पद्धत समजावून सांगितली. ऐकता ऐकता बाजूचं एक अनोळखी जोडपंही थांबलं, आणि मला माझ्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत ती पुन्हा पहिल्यापासून सांगावी लागली. मी ती आनंदानं सांगितली.

कॅथीड्रल पाहायला तिकीट आहे. प्रार्थनेला येणाऱ्यांना ते लागत नाही. शक्य असेल तर संध्याकाळच्या गायन-प्रार्थनेपर्यंत थांबावं, कारण ही इमारत ज्या कामासाठी बांधली ते काम तिथं अजून चालू आहे, आणि मुलांचे आवाज त्या लांब दालनात किती वेळ रेंगाळतात हे ऐकल्याशिवाय कळत नाही. तिकिटाबद्दल मात्र कोणी कुरकुर करू नये. एवढं छत, एवढी काच आणि एवढा दगड सांभाळायला रोज पैसा लागतो.

जाल तेव्हा आधी उत्तरेच्या बाहूत जा, मग मध्यदालनात, मग पूर्वेच्या कललेल्या भिंतींपाशी. पावसाळी दिवस असेल तर तळघर चुकवू नका. आणि एखाद्या कोपऱ्यात परांची बांधलेली दिसली, फोटोत नको ते लोखंडी पाइप आले, तरी हिरमुसू नका. तिथं कोणीतरी भेगेवर काम करतं आहे, आणि ही इमारत साडेनऊशे वर्षं उभी आहे ती त्याच कामामुळे.